शाळेमागच्या पऱ्ह्यावर तिबोटी खंड्या येतो: ७५,००० रुपयांत कोणता कॅमेरा घ्यावा?

पऱ्ह्याकाठची

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आणि आम्ही दोघी शिक्षिका. पोषण आहाराची खिचडी शिजते ती खोली शाळेच्या मागच्या अंगाला आहे आणि तिच्या खिडकीखालून पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहतो. मे महिन्यात तिथे मुलं क्रिकेट खेळतात. मिरगाचा पाऊस लागला की पाणी दोन्ही काठ धरून वाहतं. पलीकडे लाल मातीची दरड आहे आणि वर आंबा, किंजळ, ऐन यांची दाट सावली.

गेली तीन वर्षं जूनमध्ये तिबोटी खंड्याची जोडी तिथे येते. दरडीत बीळ कोरते, पिल्लं काढते आणि सप्टेंबर सरता सरता निघून जाते. हा पक्षी चिमणीपेक्षाही लहान. जांभळट डोकं, निळे पंख, पिवळंधमक पोट, लालकेशरी चोच. पण मुलांनी हे सगळं पुस्तकातल्या चित्रात पाहिलंय. प्रत्यक्षात त्यांना एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि पाण्यावरून एक रंगीत रेघ जाताना दिसते, बस्स. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तो बसतो तरी का कधी?" तो बसतो. दरडीतून बाहेर आलेल्या एका मुळावर बसतो, सकाळी सात ते आठच्या दरम्यान, पण पाच-सहा सेकंदच.

मला त्याचा एक चांगला फोटो काढून १२ बाय १८ इंचाचा करून वर्गात लावायचा आहे. फोनवर दोन पावसाळे प्रयत्न केले. झूम न करता काढला तर पक्षी कुठे आहे ते बोट ठेवून सांगावं लागतं आणि झूम केला तर ओल्या कागदावर रंग पसरावा तसं दिसतं.

वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता आलाय. त्यातले ७५,००० मी यासाठी बाजूला ठेवलेत. घरच्यांची हरकत नाही, पण पुन्हा एवढे पैसे लवकर निघणार नाहीत, त्यामुळे चूक परवडणारी नाही. दिवाळीत पुण्याला गेले होते तेव्हा एका दुकानात विचारलं. त्यांनी दोन लेन्स असलेला एक नवा संच दाखवला आणि मेगापिक्सेल सांगत राहिले. मी पक्ष्याबद्दल सांगत राहिले. शेवटी काही न घेता आले.

लांब झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा घ्यावा की लेन्स बदलता येणारा? वापरलेला घेण्यात धोका किती? शिवाय आमच्याकडे पावसात पापड दुपारपर्यंत मऊ पडतात. सासऱ्यांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या भिंगात पांढरी जाळी धरलेली मी पाहिली आहे. नव्याचं तसं होऊ नये म्हणून काय करायचं? फुलं, बेडूक, फुलपाखरं यांचेही फोटो मुलांबरोबर काढायला आवडतील, पण ते दुय्यम.

भिगवणवारी

ताई, मी २०१६ पासून निकॉनचा पी ९०० वापरतोय. लेन्स ८३ पट झूमची, म्हणजे नेहमीच्या हिशेबात २४ ते २००० मिलिमीटर. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित पक्षी काढतो, कधी चंद्र काढतो. वजन एक किलोच्या आत आणि बॅगेत दुसरं काही ठेवावं लागत नाही. याच जातीचा पी ९५० नंतर आला, त्यात रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेला मूळ फोटोही, मिळतो. तुमच्या पैशांत बसतो का ते दुकानात विचारून बघा.

तुम्ही सावली आणि पावसाळी सकाळ म्हणालात म्हणून एक खरी अडचण आधीच सांगतो. माझे चांगले फोटो सगळे हिवाळ्यातल्या उन्हातले आहेत. ताम्हिणीला जुलैत नेला होता तेव्हा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात कॅमेरा फोटो उजळवतो त्याचा आकडा, चढला आणि पिसांचा तपशील गेला. झाडीत फोकसही पुढच्या फांदीवर जाऊन बसतो. उघड्यावरच्या, दूरच्या, निवांत पक्ष्यांसाठी हा कॅमेरा मी डोळे झाकून सुचवेन. तुमच्या पऱ्ह्यासाठी सुचवताना हात थोडा अडतो.

कुडाळचा स्टुडिओवाला

ताई, कॅमेऱ्याचं नाव शेवटी ठरवू. आधी फोटो ठरवू, कारण तो तुम्ही फार नेमका सांगितलाय. तेरा सेंटिमीटरचा पक्षी, ठरलेलं मूळ, दाट सावली, सकाळचे सात, पाच सेकंद. स्टुडिओत १९९१ पासून बसतोय, पण इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक फार क्वचित येतं. बहुतेक लोक "सगळ्याला चालेल असा" मागतात, आणि तसा मागितला की ज्याच्यासाठी घेतला नेमकं तेच त्याला जमत नाही.

मेगापिक्सेलचं आधी संपवतो. १२ बाय १८ इंचाचा फोटो भिंतीवर लावून दोन हातांवरून बघायचा तर इंचाला २०० ठिपके पुरतात. ३६०० गुणिले २४००, म्हणजे ८६ लाख पिक्सेल. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक बऱ्या कॅमेऱ्यांत २०० ते २४० लाख असतात. माझ्याकडे २००४ साली घेतलेल्या निकॉन डी ७० चा फोटो याच आकारात काउंटरमागे लागलेला आहे. तो ६० लाखांचा आहे आणि आजवर कोणी त्याला नावं ठेवलेली नाहीत. मेगापिक्सेलसाठी एक रुपयाही जादा देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. सावलीतल्या लहान पक्ष्यासाठी मी लेन्सचं तोंड बघतो. तोंड म्हणजे पुढची काच नव्हे, तर प्रत्यक्ष उजेड आत घेणारं भोक. ते काढायला एकच भागाकार लागतो. लेन्सवर जे मिलिमीटर लिहिलेले असतात त्यांना तिथल्याच एफ आकड्याने, म्हणजे 'एफ/' नंतरच्या अंकाने, भागायचं.

दोन लेन्सच्या संचात ५५-२५० मिलिमीटरची लेन्स येते. पूर्ण लांब केल्यावर ती एफ/५.६ असते. २५० भागिले ५.६ म्हणजे ४५ मिलिमीटर. भिगवणवारींच्या पी ९०० वर २००० लिहिलंय, पण तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मशी तुलना करून सांगितलेला आकडा आहे. खरी लांबी ३५७ मिलिमीटर, एफ/६.५. भागाकार ५५. कॅननची नवी हलकी १००-४०० लेन्स ४०० ला एफ/८ होते. भागाकार ५०. बघा, तीन वेगळ्या जातींच्या आणि वेगळ्या किमतींच्या वस्तू, पण त्या पक्ष्याच्या अंगावरून येणारा उजेड गोळा करण्यात तिघी जवळपास सारख्या. सेन्सर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग) मोठा की छोटा यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण एकाच जागी बसून एकच लहान पक्षी काढायचा असेल तर आधी या तोंडाचा प्रश्न येतो. फोनच्या झूम लेन्सचं तोंड चार-पाच मिलिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या फोटोत रंग का पसरले त्याचं उत्तर इथेच आहे. फोन वाईट नाही, त्याचं तोंड लहान आहे.

आता ३०० मिलिमीटर एफ/४ ची लेन्स घ्या. ३०० भागिले ४ म्हणजे ७५. पन्नासच्या तुलनेत दीडपट रुंद, आणि उजेड क्षेत्रफळावर मोजतात म्हणून सव्वादोन पट उजेड. शिवाय एफ/४ मुळे शटर वेगाने चालवता येतं. दाट सावलीत आयएसओ ३२०० ठेवून एफ/८ ला सेकंदाचा साठावा भाग मिळत असेल तर एफ/४ ला दोनशे पन्नासावा मिळतो. मुळावर बसलेला खंड्या सारखी मान खालीवर करतो. साठाव्या भागात चोच हलते, अडीचशेव्यात बहुतेक वेळा थांबते.

पक्षी फोटोत किती मोठा येईल हेही आधीच काढता येतं. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची लांबी भागिले अंतर. १३० मिलिमीटर गुणिले ३०० भागिले ६००० (सहा मीटर धरले) बरोबर साडेसहा मिलिमीटर. निकॉनच्या लहान चौकटीच्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस. म्हणजे पक्षी चौकटीच्या पाव भागाहून थोडा जास्त. पऱ्ह्या, मूळ, ओली माती, सगळं सोबत येतं. मला असाच फोटो आवडतो. नुसता पक्षी कापून लावलेला फोटो कुठलाही वाटतो. पण हा सगळा हिशेब अंतरावर टांगलेला आहे, तेव्हा खिडकी ते मूळ आधी टेपने मोजा. दहा मीटर निघाले तर मी माझा सल्ला बदलेन.

सहा-सात मीटर असेल तर मी हे घेईन: वापरलेला निकॉन डी ७२०० आणि वापरलेली निकॉनची एएफ-एस ३०० मिलिमीटर एफ/४ डी लेन्स. कॅमेरा २०१५ चा, लेन्सचा नमुना २००० सालचा. नवे नमुने आले म्हणून ही जोडी आता तुमच्या आवाक्यात आली. माझ्या भाच्याला मागच्या वर्षी ही मिळवून दिली, कॅमेरा २८,५०० आणि लेन्स ३४,००० ला. भाव हलतात, पण तुमच्या रकमेत बसवता येईल. वजन मिळून सव्वादोन किलो, म्हणजे गळ्यात अडकवून हिंडायला जड, खिडकीच्या चौकटीवर टेकवायला उत्तम.

या लेन्सचा आणखी एक गुण मला फार आवडतो. ती १.४५ मीटरपर्यंत जवळ फोकस करते. त्या अंतरावर साधारण पावणेनऊ सेंटिमीटर रुंदीची जागा चौकट भरून येते. तुमची फुलपाखरं आणि बेडूक लांब न पळता त्यात येतील. राणी पाकोळीसारखं मोठं फुलपाखरू मात्र पंख पसरून बसलं तर मावायचं नाही, थोडं मागे सरकावं लागेल.

तिची उणीव म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय तिच्यात नाही. खिडकीवर अर्धा किलो तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स विसावली तर तुमच्या कामापुरती ती उणीव भरून निघते.

आरशाविना

काका, भागाकार पटला, मी माझ्या दोन्ही लेन्स काढून करून पाहिला. पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. मी कॅनन आर १० आणि तीच १००-४०० वापरतो. कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो आणि त्यावर चिकटून राहतो. ज्यांनी आयुष्यात पक्षी काढलेला नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी आहे. उजेड सव्वादोन पट असला आणि फोकस चोचीऐवजी मुळावर बसला तर काय उपयोग? लेन्स ६३५ ग्रॅम, कॅमेरा सव्वाचारशेच्या आसपास. ताई रोज घेऊन जातील.

हे खरं की दोन्ही नवीन घेतलं तर ७५,००० त बसत नाही. कॅमेरा वापरलेला आर ५० घेतला तरी ताण पडेल. तरी वर्षभर थांबून घेता येईल का, याचा विचार करा असं मी म्हणेन.

कुडाळचा स्टुडिओवाला

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ताईंना उडते पक्षी काढायचे असते तर मी स्वतः तेच सांगितलं असतं. इथे पक्षी येणार ते मूळ ठरलेलं आहे. त्यावर आधीच फोकस लावून ठेवता येतो, पक्षी बसला की बारीक फरक कॅमेरा करतो. म्हणून त्या सोयीचे पैसे मी तोंडात घातले. वर्षभर थांबण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. येत्या जूनमध्ये चौथीत जाणारी मुलं त्यापुढच्या जूनला त्या वर्गात नसतील.

पऱ्ह्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टुडिओवाले काका, तुमचा भागाकार मी चौथीच्या फळ्यावर लिहिला. लांब उडीचा टेप घेऊन आम्ही पऱ्ह्यात उतरलो, आता कोरडाच आहे. खिडकीच्या गजापासून मुळापर्यंत ६ मीटर ४ सेंटिमीटर. खिडकीपासून बिळापर्यंत त्याहून कमी, साडेचार मीटर, कारण बीळ अलीकडच्या वळणावर आहे. मग बिळाच्या तोंडाशीच फोकस लावून ठेवला तर पक्षी आणखी मोठा मिळेल ना? तिथे तर तो दिवसातून कितीतरी वेळा येतो.

आणि वापरलेलं घ्यायला मी मुंबईला जाऊ शकते, बहीण परळला राहते. पण मला दाखवतील ते मी कसं तपासायचं?

रानजाई

बाई, बिळाचा विचार कृपया सोडून द्या. मी चिपळूणच्या बाजूला गेली अकरा वर्षं या पक्ष्याच्या नोंदी ठेवते आणि याबाबतीत मला फार कळकळीने सांगायचं आहे. पिल्लं बिळात असताना आई-बाप दिवसभर बेडूक, कोळी, खेकडी, सापसुरळी आणत असतात. समोर माणूस किंवा चमकणारी काच दिसली की चोचीत भक्ष्य धरून ते लांबच बसून राहतात, आत जात नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, वा, किती वेळ बसलाय, छान फोटो मिळतोय. आत पिल्लं उपाशी असतात. एका ठिकाणी सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग लागली होती आणि चार दिवसांनी त्या बिळात जाग नव्हती. ते मी विसरू शकत नाही. घरट्यावरचे फोटो आता बऱ्याच स्पर्धाही घेत नाहीत.

तुमचं मूळ सहा मीटरवर आहे आणि खिडकी बंद खोलीची आहे, हे उत्तम. शाळेचा आवाज त्या जोडीच्या सवयीचा आहे. खिडकीला आतून गडद कापड लावा आणि फक्त लेन्सपुरती फट ठेवा. फ्लॅश अजिबात नको. पक्षी चोचीत खाऊ घेऊन मिनिट-दोन मिनिटं मुळावरच अडकून राहिला तर ती तुम्हाला दिलेली सूचना समजा आणि मागे सरका. एका सकाळी अर्धा तास पुरे. आणि फोटो कुठे टाकलात तर वाडीचं नाव लिहू नका.

कुडाळचा स्टुडिओवाला

रानजाईंनी सांगितलं ते माझ्या सगळ्या हिशेबाच्या वर ठेवा.

आता खरेदी. मुंबईत फोर्टात बोरा बाजारची गल्ली आहे, सीएसएमटीपासून चालत. कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. शनिवारी गर्दीत जाऊ नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, म्हणजे दुकानदारालाही दाखवायला वेळ असतो. लॅपटॉप आणि टॉर्च सोबत न्या. फोनचा टॉर्चही चालेल.

लेन्स आधी बघा, कॅमेरा नंतर. दोन्ही बाजूंची झाकणं काढा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असले तर असू देत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुकं दिसलं तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ठेवून द्या. मग कॅमेऱ्याला लावून जवळचं, लांबचं, जवळचं, लांबचं असं वीसेक वेळा फोकस करून बघा. या लेन्सची मोटर लेन्सच्या आतच असते आणि जुनी झाली की चिरकायला लागते. किंचाळी ऐकू आली किंवा फोकस मध्येच अडखळला तर घेऊ नका, तिचे सुटे भाग आता मिळायला कठीण. लेन्स ट्रायपॉडला बसवायची कडी मुळातच थोडी लेचीपेची आहे, तो दोष समजू नका.

कॅमेऱ्यावर एक फोटो काढून लॅपटॉपवर घ्या. शटर किती वेळा उडालं तो आकडा फाइलच्या आतल्या माहितीत मिळतो. डी ७२०० चं शटर दीड लाखांसाठी तपासलेलं असतं. चाळीस-पन्नास हजारांच्या आतला बघा. लग्नाचं काम केलेला कॅमेरा ओळखायचा असेल तर पकडीचं रबर दाबून बघा. घामाने सैल झालेलं असतं, मी माझ्याच कॅमेऱ्यांवर पाहिलंय. मग एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सर स्वच्छ करून मागा. आणि बिलावर दोन्ही वस्तूंचे क्रमांक लिहून घ्या, वस्तूवरच्या क्रमांकांशी जुळवूनच पैसे द्या. महिन्याभराची लेखी हमी बरीच दुकानं देतात, मागितल्याशिवाय नाही.

बुरशीबद्दल माझी स्वतःची गोष्ट. एका वर्षी जूनमध्ये मुहूर्त संपले तशी मी ८०-२०० ची लेन्स तिच्या चामडी पेटीत घालून काउंटरखाली ठेवली. तुळशीचं लग्न झालं, कामं सुरू झाली, तेव्हा पेटी उघडली. आतलं मधलं भिंग पूर्ण पांढरं. चामडं ओल धरून ठेवतं हे मला माहीत होतं, तरी केलं. त्या लेन्सचं कर्ज तेव्हा फिटायचं होतं. म्हणून सांगतो, बॅगेत ठेवू नका. रबरी कडा असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं लहान घड्याळ. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेल नारिंगी जातीचं घ्या. निळ्या जातीत कोबाल्ट असतं आणि तुमच्या आसपास मुलं आहेत. जेल ओलं झालं की मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं, पण त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा, जेवणाची नको. आणि पावसात वापरून आणलात की लगेच डब्यात टाकू नका, कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. कॅमेऱ्यावर पावसाचे थोडे थेंब चालतात, त्या जुन्या लेन्सच्या आत पाणी जाऊ देऊ नका. खिडकीबाहेर न्यायचा असेल तर तिला प्लास्टिकचं इरलं शिवून घ्या.

पऱ्ह्याकाठची

खूप दिवसांनी लिहिते आहे, पण आता दाखवण्यासारखं काही आहे.

मे महिन्यात बहिणीबरोबर बोरा बाजारात गेले. पहिल्या दुकानातली लेन्स टॉर्चखाली बघितली, आत धागे होते. दुकानदारानेच मान्य केलं आणि बाजूच्या दुकानात पाठवलं. तिथल्या लेन्सची मोटर चिरकली. तिसरी चांगली निघाली. कॅमेरा ३१,००० पडला, शटर २३ हजार उडालेलं. लेन्स ३६,०००. कार्ड, डबा, जेल आणि आर्द्रतेचं घड्याळ धरून एकूण ७१,४०० झाले. आरशाविना, तुम्ही म्हणालात तसं वजन खरंच जाणवतं. मी तो रोज घरी नेत नाही, डब्यात घालून शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवते. काटा ४६ वर आहे.

पावसाआधी तीन आठवडे सराव केला. खिचडी करणाऱ्या मावशींनी मुळावर लाकडी चमचा बांधून दिला आणि मी सकाळी सातला त्याचे फोटो काढले. तांदळाची पिशवीही त्यांचीच. पहिले दोन दिवस सगळे फोटो हलले, कारण मी बटण दाबताना श्वास रोखत होते. सोडता सोडता दाबलं तेव्हा जमलं.

जोडी १९ जूनला आली. पहिले आठ दिवस रानजाईंच्या सांगण्याप्रमाणे खिडकी उघडलीच नाही. मग रोज अर्धा तास. एकूण २१२ फोटो काढले, त्यातले नऊ स्वच्छ आहेत. बाकीच्यांत फोकस मुळावर बसलाय किंवा पक्षी निम्मा उडालाय. निवडलेला फोटो ११ जुलैचा, सात वाजून बावीस मिनिटांचा. एफ/४, सेकंदाचा अडीचशेवा भाग, आयएसओ ३२००. चोचीत सापसुरळी आहे. त्यानंतर चार सेकंदांत तो बिळात गेला.

फोटो चिपळूणला १२ बाय १८ इंच करून आणला, काहीही न कापता. काका, तुमच्या हिशेबाने तो चौकटीच्या पाव भागाहून थोडा जास्त यायला हवा होता. चौथीच्या मुलांनी पट्टी लावून चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजलं: साडेबारा सेंटिमीटर. मग त्यांनीच पुस्तक उघडलं आणि पक्ष्याची लांबी तेरा सेंटिमीटर लिहिलेली वाचली. भिंतीवर तो खराखुरा आहे तेवढाच बसलाय, हे मलाही त्यांनी सांगितल्यावर कळलं.

तो बसतो का असं विचारणारी मुलगी आता चौथीत आहे. ती सगळ्यांत शेवटी पुढे आली, फोटोला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तीनच बोटं आहेत." मी हो म्हटलं, म्हणून तर तिबोटी. तर ती म्हणाली, हा एकच पाय दिसतोय, दुसरा मुळाच्या मागे आहे, तो कुठे मोजलाय. सोमवारपासून ती साडेसहालाच शाळेत येते आणि पडद्याआड माझ्या शेजारी न बोलता बसते.